हैबतराव साळोखे दोनदा जन्मले त्याची बखर

नमन आधी वनदेवतेस, जी आपल्या पोटात गेलेल्यांचा जाब कोणा राजास देत नाही. नमन दुसरे त्या सिंहासनास, ज्याच्या पदरी ही गोष्ट घडली आणि ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. आणि तिसरे नमन वाचणाराच्या धीरास, कारण पुढे सुखाचे फारसे काही नाही. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी महाराज दरबारी विराजमान जाहले असता आपले राज्य पूर्वेस कोठवर, ऐसा प्रश्न निघाला, आणि दरबारात कोणासच सांगता येईना. शेजारचा राजा म्हणे रान माझे, आमचे महाराज म्हणत रान आमचे, आणि रानास या दोघांची खबर नव्हती. मग महाराजांनी राजश्री हैबतराव साळोखे यांस पुढे बोलावून आज्ञा केली की, तुम्ही जातीने जावे आणि सरहद्द मोजून यावी. हैबतराव म्हणजे पदरचे जुने सरदार. लढाईत एक कान गेलेला, बोलणे थोडे, हट्ट बहुत, आणि एकदा मनात आले की बैलासारखे खाली मान घालून चालणारे. ते मुजरा करोन निघाले, आणि बरोबर आपला विश्वासू बाबनखान गारदी घेतला, आणि मोजणीची साखळी घेतली, आणि रानात शिरले. रान ऐसे की भर दुपारी मनुष्यास आपलाच हात हिरवा दिसावा. तेथे एके ठिकाणी शिदोरी सोडावयास एका धोंड्यावर बैसले, आणि धोंड्यावरील शेवाळ सहज नखाने खरवडले, तो खाली छिन्नीची रेघ लागली. आणखी खरवडले, तो अर्धे कमळ निघाले. मग हैबतराव जेवण विसरले. त्यांनी मनात धरिले की, दगड घडविला तर घडविणारा होता, आणि घडविणारा होता तर त्यास भाकर घालणारे गाव होते, आणि ऐसे कमळ कोरविणारे गाव म्हणजे गाव नव्हे, थोर नगर. आणि ते येथेच कोठे रानाने गिळिले आहे. येणेप्रमाणे मनात धरोन त्यांनी सरहद्द तेथेच सोडिली, आणि धोंडा बैलावर घालून राजधानीस आणिला.

दरबारात महाराजांपुढे धोंडा ठेविला. तो पाहोन कारभारी अप्पाजीपंत बोलिले, "सरदार, तुम्हांस सरहद्द आणायला धाडलं होतं, तुम्ही तर पाटा घेऊन आलात. वरवंटा कधी आणणार?" आणि सारा दरबार हासला, आणि ते हासणे हैबतरावांच्या हाडात जाऊन बसले. लढाईत घाव लागला तर मनुष्य पट्टी बांधितो. या घावास पट्टी नव्हती. मग दुसऱ्या साली ते आपल्या जहागिरीचे लोक घेऊन पुन्हा रानात गेले. ते समयी पाऊस लांबला, आणि हगवण लागली, आणि लोक एकेक करोन रानातच राहिले, आणि हैबतराव आणि बाबनखान दोघे काठीच्या आधाराने परत आले, तेव्हा सरदारांचे दात हालत होते आणि डोळे हळदीसारखे पिवळे होते. लोकांस वाटले, आता खोड मोडली. परंतु खोड मोडली नव्हती, मुरली होती. हैबतराव घरी पलंग टाकून जमिनीवर निजत, आणि जेवावयास बैसले तर ताटातल्या भातात बोटाने रस्ते काढीत, आणि आमटी ओतून म्हणत की हा तलाव; आणि त्यांची स्त्री चिमाबाई तो भात निवून जाताना पाहात बसत. गल्लीतली माणसे त्यांस दुरून पाहोन कुजबुजत, आणि जे मेले त्यांच्या बायका त्यांच्या दारावरून जाताना पदर पुढे ओढीत आणि थुंकत. हे सर्व हैबतरावांस कळत होते आणि त्याची शरमही वाटत होती. परंतु नगर सापडले म्हणजे सर्वांची तोंडे आपोआप बंद होतील, हा एकच विचार त्यांस औषधासारखा जाहला होता.

मग काही काळ गेला आणि त्यांचा एकुलता पुत्र सुभानजी वयात आला. पोर उंचापुरा, बापाहून डोके वर, हसतमुख, आणि बापाच्या नगरावर त्याचा बापाहून जास्त विश्वास. त्याची सोयरीक ठरत आली होती, तो हैबतरावांनी तिसऱ्या स्वारीची तयारी मांडिली आणि सुभानजीने आपला घोडा आधी कसून ठेविला. तेव्हा चिमाबाई माजघरातून उंबऱ्यापर्यंत आल्या आणि बोलिल्या, "इकडून जाणं व्हायचं तर व्हावं. मी दोनदा अडवलं नाही, आता काय अडवणार. पण सुभानला नेऊ नये." हैबतराव बोलिले, "तो माझ्या पाठीशी असला की मला बळ येतं." चिमाबाई बोलिल्या, "त्याच्या पाठीशी कोण?" तेव्हा हैबतरावांनी आवाज चढविला, आणि घरात जो चढा आवाज काढितो त्याचे खरे होते, तैसेच जाहले. सुभानजी आईच्या पाया पडून बोलिला, "आये, आबांच्या नावाला लोक हसतात ते मला ऐकवत न्हाई. एकदा नगर दावू दे, मग तू सांगशील तिच्याशी लगीन लावतो." चिमाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि आत निघून गेल्या. त्या वेशीपर्यंत आल्या नाहीत, आणि हैबतरावांनी मागे वळून पाहिले नाही.

रानाच्या तोंडाशी सरकारचे ठाणे होते, तेथे घोडे सोडून पायी चालिले. वाट दाखविणारे दोन मुक्काम बरोबर राहिले, आणि मग बोलिले की पुढे आमचा देव नाही, आणि एके सकाळी पाहावे तो त्यांच्या घोंगड्या गेलेल्या. मग हैबतराव, सुभानजी आणि बाबनखान तिघेच पुढे गेले. जळवा अंगास लागत त्या मिठाने सोडवाव्या तर मीठ ओले, चूल पेटवावी तर लाकूड ओले, आणि बोलावे तर जणू आवाजही ओला. तशात सुभानजीस ताप भरला. तो आधी हासत चालिला, मग गप्प चालिला, मग बाबनखानाच्या खांद्यावर चालिला, आणि शेवटी चालवेना. तेव्हा एका नाल्याच्या काठी फांद्यांची खोप केली आणि त्यात त्यास निजविले, आणि बाबनखान बोलिला, "सरदार, मी ठाण्यावर जाऊन मानसं आनि डोली घेऊन येतो. तुम्ही बाळराजांपासून हलू नका." हैबतराव बोलिले, "हलतो कुठं? माझा मुलगा आहे." आणि बाबनखान गेला. मग हैबतराव लेकासाठी पाणी आणावयास घागर घेऊन नाल्याच्या वरच्या अंगास गेले, कारण खाली गढूळ होते, आणि तेथे पलीकडच्या थडीस मुळ्यांच्या गुंत्यातून त्यांस एक पायरी दिसली. घडीव, सरळ काठाची, आणि तिच्या खाली आणखी एक. हैबतराव उभे राहिले ते किती वेळ कोण जाणे. मग घागर भरून खोपीत आले, आणि लेकास पाणी पाजिले, आणि कपाळावर ओले फडके ठेविले, आणि पायरीची गोष्ट पोटातच ठेविली. परंतु सुभानजी जन्मापासोन बापाचे तोंड पाहात आला होता. तो बोलिला, "आबा, काय दिसलं?" हैबतराव बोलिले, "काही नाही. पायरी." "घडीव?" "घडीव." सुभानजीचे डोळे तापातही उजळले, आणि तो बोलिला, "मग जावा की." हैबतराव बोलिले, "बाबन येऊ दे." सुभानजी बोलिला, "तवर पाऊस येईल, नाला भरंल, मग कुठली पायरी दिसायची? जावा आबा. मी हितं निजून तर आहे. बघा आन् लगेच या." बापाने या जागी लेकास एक शिवी हासडून, मांडी घालून बसून राहावे, ऐसे आमचे मत आहे. परंतु हैबतरावांस जे ऐकावयाचे होते तेच त्यांनी ऐकिले. घागर लेकाच्या हाताशी ठेविली, आपला शेला त्याच्या अंगावर घातला, कोयता उचलिला आणि गेले.

पायऱ्या म्हणजे एक पुष्करणी होती. हैबतरावांनी मुळ्या तोडीत एकेक पायरी उघडी केली, आणि चारी अंगांनी पायऱ्या निघाल्या, आणि भिंतीत देवकोनाडे निघाले, त्यांत देव नव्हता, आणि तळाशी हिरवे पाणी. ते आनंदाने एकटेच मोठ्याने हासले, आणि त्यांस अप्पाजीपंतांचे तोंड डोळ्यांपुढे आले. मग बोलिले की तलाव आहे तर तलावास जाणारा रस्ता आहे, आणि रस्त्याच्या शेवटी नगर आहे. एवढा रस्ता पाहातो आणि जातो. तो रस्ता शोधीत ते एका अंगास गेले, आणि मग दुसऱ्या अंगास गेले, आणि तशात आभाळ फुटले. नाला दोन्ही थड्या भरोन वाहिला आणि ते पलीकडे अडकले. पाणी उतरले तेव्हा ते ऊर फुटेतो धावत खोपीशी आले. खोप रिकामी होती. घागर आडवी पडली होती, आणि शेला एका करवंदीच्या जाळीस अडकला होता, आणि तो ज्या बाजूस अडकला ती ठाण्याची बाजू नव्हती. चिखलात हातांचे आणि गुडघ्यांचे ठसे होते आणि ते पुष्करणीकडे गेले होते. बाप येईना म्हणोन लेक तापात रांगत बापास शोधावयास निघाला होता. ठसे नाल्याच्या पाण्यापाशी गेले आणि पलीकडच्या थडीस एकही नव्हता. हैबतरावांनी हाका मारिल्या, आणि नाल्याकाठचे रान उलथेपालथे केले, आणि शेवटी हाका मारावयास घसा राहिला नाही. मग त्यांनी ठाण्याकडे जावे तो पाऊल उठेना. घरी जाऊन चिमाबाईस काय सांगावे? नगर सापडले तर सुभानजी नगरासाठी गेला ऐसे होईल. न सापडले तर तो कशासाठीच गेला नाही. म्हणोन ते रानात राहिले, आणि कंदमुळे खाऊन, अंगावर चिंध्या लेवून, दरसाल उन्हाळ्यात पुष्करणीभोवतीचे रान चाचपीत राहिले. तेथे भिंत नव्हती, कौल नव्हते, मडक्याचे खापर नव्हते. कोणे काळी कोणी पुण्यवंताने वाटसरूंच्या तहानेसाठी एक पुष्करणी बांधिली, एवढेच तेथे होते. हे त्यांस पहिल्याच उन्हाळ्यात कळले होते, आणि कळलेले त्यांनी मनात येऊ दिले नाही.

इकडे बाबनखान डोली घेऊन खोपीशी पोहोचला तो खोप दुसऱ्या पुरात वाहून गेली होती, नाला उतार देईना आणि हाकेस ओ नव्हती. तो राजधानीस आला, आणि चिमाबाईंच्या पायांपाशी पागोटे ठेवून बोलिला, "बाईसाहेब, दोघंबी न्हाईत. मी जायाला नको हुतं. हाका मारून मारून रक्त पडलं तोंडातनं." चिमाबाई बरीच वर्षे वाट पाहात्या जाहल्या. मग दरबारच्या केशवशास्त्र्यांनी महाराजांस विनविले की, मेलेल्यांचा विधी जाहला नाही तर जीव अधांतरी फिरतो; आणि महाराजांनी आज्ञा केली की पळसविधी करावा. हा विधी ऐसा की ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करितात, आणि डोक्याच्या जागी नारळ ठेवितात, आणि त्यास रीतसर अग्नी देतात. पाने चिमाबाईंनी स्वतः वेचिली. पुतळे बांधिताना त्या एवढेच बोलिल्या, "सुभानचा जरा लांब करा. तो बापाहून उंच होता." मग दोन्ही पुतळे जाळिले, आणि चिमाबाईंचे कुंकू पुसिले, आणि बांगड्या फोडिल्या, आणि राज्यात सुतक पाळिले.

पुढे एके वैशाखी मधाची पोळी काढणारे लोक रानात खोल गेले असता त्यांस पुष्करणीच्या पायरीवर एक जटाधारी मनुष्य तापाने बेशुद्ध पडलेला दिसला. त्यांनी त्यास उचलोन ठाण्यावर आणिले, तो तुटक्या कानावरून ओळख पटली. ठाणेदार धावत येऊन पाया पडावयास वाकला, आणि वाकता वाकता मागे सरला, कारण त्यास आठवले की यांचे क्रियाकर्म जाहले आहे. येणेप्रमाणे हैबतराव राजधानीच्या वेशीशी आले, आणि वेशीबाहेरच अडविले. केशवशास्त्री दुरून बोलिले, "सरदार, शास्त्राप्रमाणे आपण मृत आहात." हैबतराव बोलिले, "शास्त्रीबुवा, मी तुमच्यासमोर उभा आहे." शास्त्री बोलिले, "उभं असणं हे प्रमाण नव्हे. अग्नी दिला हे प्रमाण. आता आपणांस पुन्हा जन्म घ्यावा लागेल." मग वेशीबाहेर मांडव घातला, आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यात तूप ओतिले, आणि त्यात हैबतरावांस गर्भासारखे मुठी आवळून, गुडघे पोटाशी घेऊन बैसविले. बाहेर काढिले तेव्हा सुईण बोलावून नाळ कापिल्याचे केले. आणि पाळण्यात मावेनात म्हणोन त्यांचे पाय पाळण्यास लाविले, आणि एका म्हातारीने आत्या होऊन त्यांच्या कानात त्यांचेच नाव सांगितले, आणि बायांनी "कुर्रर्र" करोन रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. सर्व हासले, आणि हैबतरावही हासले. त्यांस बहुत हलके वाटत होते. त्यांनी मनात म्हटले की जन्म नवा आहे, आणि जो लेकास खोपीत टाकून गेला तो पळसाच्या पानांबरोबर जळाला. आम्हांस या हासण्याची फार चीड येते, परंतु हासले हे खरे आहे.

आता एकच विधी उरला. नवा जन्म जाहला म्हणजे पहिले लग्न गेले. तेव्हा त्याच स्त्रीशी पुन्हा लग्न लावावे लागते. साऱ्या शहरात एकच बोलणे की चिमाबाईंचे नशीब केवढे, पुसलेले कुंकू कोणा बाईस परत मिळाले आहे? बायका हिरवा चुडा घेऊन त्यांच्या दारी गेल्या. चिमाबाईंनी चुडा बाजूस ठेविला आणि बोलिल्या, "मांडवात येते." महाराज स्वतः आसनावर बैसले, आणि अप्पाजीपंत अक्षता घेऊन उभे राहिले, आणि हैबतराव पाटावर उभे राहिले, आणि दोघा ब्राह्मणांनी अंतरपाट धरिला. पलीकडे चिमाबाई पांढऱ्या लुगड्यातच येऊन उभ्या राहिल्या. हैबतरावांस कापडाखालून त्यांचे पाय तेवढे दिसले. केशवशास्त्री मंगलाष्टक म्हणू लागले, तो पलीकडून आवाज आला, "शास्त्रीबुवा, जरा थांबा. मला एक विचारायचं आहे." शास्त्री थांबले. चिमाबाई बोलिल्या, "सुभान कुठं आहे?"

हैबतरावांनी याचे उत्तर रानात मनाशी पुष्कळदा जुळविले होते, परंतु तोंडातून निघाले ते दुसरेच. ते बोलिले, "त्याला ताप होता. खोप केली होती. मी पाण्याला गेलो तर तिथं पायरी दिसली. घडीव पायरी, चिमाबाई! चारी अंगांनी पायऱ्या, आणि भिंतीत कोनाडे, असे की आपल्या राजधानीतल्या पाथरवटाला जमणार नाहीत. मी दरबारात सांगत होतो तेव्हा हसले, पण मी माझ्या हातांनी एकेक पायरी..." आणि बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि मांडवभर जाहला, आणि मग त्यांस स्वतःसच तो ऐकू आला, आणि ते थबकले. मग हळू बोलिले, "त्यानंच जा म्हटलं."  मग चिमाबाई बोलिल्या, "लेकरू होतं. बापाचं मन कशात आहे ते बघून जा म्हणाला." पुन्हा बोलिल्या, "आणि नगर? होतं का तिथं?" या क्षणी हैबतरावांनी नाही म्हणावे, एवढेच त्यांच्या हाती होते, आणि त्यांस ते ठाऊक होते, आणि ओठही हालले होते. परंतु समोर अप्पाजीपंत अक्षता घेऊन उभे होते. हैबतराव बोलिले, "आहे. थोडं पुढं आहे. एवढा पावसाळा सरला की मी..." चिमाबाई बोलिल्या, "अंतरपाट काढू नका, शास्त्रीबुवा. माझे यजमान वारले." आणि कापडाखालचे पाय मागे वळले आणि दिसेनासे जाहले. महाराजांनी कोणास काही आज्ञा केली नाही. दोघे ब्राह्मण हात भरोन येईतो कापड धरोन उभे राहिले, आणि हैबतरावही तैसेच उभे राहिले.

मग हैबतराव वेशीबाहेरच्या देवीच्या ओवरीत राहू लागले. त्यांस भाकर बाबनखान आणून देई, परंतु बोलत नसे. पावसाळा सरला तैसे ते पूर्वेस चालू लागले आणि त्यांस कोणी अडविले नाही. काही साले लोटली, आणि ठाण्यावरून खबर आली की पुष्करणीच्या पायऱ्यांवर देह सापडला, आणि लोकांनी तेथेच वर दगड रचिले. तेव्हा केशवशास्त्री चिमाबाईंकडे गेले. त्या अंगणात तांदूळ निवडीत होत्या. शास्त्री बोलिले, "बाईसाहेब, त्यांनी नवा जन्म घेतला होता. या जन्माचा विधी राहिला आहे. पुतळा करावा लागेल." चिमाबाई तांदळातले खडे काढीत बोलिल्या, "त्यांचं झालंय, शास्त्रीबुवा." शास्त्री पुन्हा काही बोलू लागले, तो त्यांनी सूप खाली ठेविले आणि बोलिल्या, "उद्या सुभानची तिथ आहे. तेवढ्याला या."

येणेप्रमाणे हकीकत जाहली. हैबतराव साळोखे यांस जन्म दोन लाभले, अग्नी एकच लाभला, आणि तोही पळसाच्या पानांस. सुभानजीचे श्राद्ध आई होती तोवर दरसाल चालिले. चिमाबाई पुढे बहुत वर्षे जगल्या आणि आपल्या मरणाने मेल्या. इति.